पोलंडच्या फुटबॉलमध्ये दुसऱ्या श्रेणीत काम करायचंय? डिसेंबरचं आधी विचारा

एक्स्त्राक्लासाच्या, म्हणजे पोलंडच्या सर्वोच्च फुटबॉल लीगच्या, क्लबांकडून अर्जाला उत्तर येत नसेल, तर एक पायरी खाली, पिएर्व्शा लिगात बघा. शिक्षण चालू असताना मी तिथल्या एका क्लबात २०२३-२४चा हंगाम व्हिडिओ अॅनालिस्ट (सामन्यांच्या क्लिपा कापून कोचला दाखवणारा) म्हणून काढला. १८ संघ, ३४ सामने, पहिले दोन थेट वर, तिसरा ते सहावा उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफमध्ये, शेवटचे तीन खाली, हे तुम्हाला माहीत असेलच. पण हा हंगाम डिसेंबरात मधोमध तुटतो आणि नवखा माणूस तिथेच अडचणीत सापडतो.

आधी पैशाचं. नव्या माणसाला बहुतेक वेळा 'उमोवा झ्लेत्सेन्ये' देतात, म्हणजे तासांवर पैसे, भरपगारी सुट्टी नाही. वय २६च्या आत असेल आणि विद्यार्थी असाल तर विम्याची कपात होत नाही, त्यामुळे हातात येणारी रक्कम बरी दिसते. मात्र त्याच कारणाने आजारपणाचा भत्ताही नाही. शरदात तास भरपूर मिळतात. मग डिसेंबरात सामने थांबतात ते फेब्रुवारीपर्यंत, सराव जानेवारीत सुरू होतो, आणि मधले तास कुठेच लिहिलेले नसतात. घरमालक मात्र दर महिन्याला भाडं मागतो. मी ते उसनवारीवर भरलं. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: डिसेंबर-जानेवारीत किमान किती तास, हिवाळी शिबिराला (बरेच क्लब तुर्कस्तानला जातात) अॅनालिस्टला नेतात का, आणि करार ३० जूनला संपतो की शेवटच्या सामन्याला. विचारलं म्हणून कुणी वाईट वाटून घेत नाही. तिथे असं विचारणं रीतीचं आहे.

कामाचंही तेच. शरदात जमवलेल्या क्लिपा जानेवारीत निम्म्या शिळ्या होतात, कारण खेळाडू बदलतात, कधी कोचही. त्या हंगामात शरदात गीएकाएस कातोवित्से या संघाला थेट बढतीच्या शर्यतीत कुणी धरलं नव्हतं. हंगामाच्या शेवटच्या दिवशी त्यांची गाठ ग्दिन्या शहरात तिथल्या आर्का संघाशी पडली, आणि थेट वर जायला आर्काला बरोबरी पुरली असती. कातोवित्से १-० जिंकलं आणि १९ वर्षांनी वर गेलं. आर्काच्याच मैदानावर प्ले-ऑफची अंतिम लढत झाली, तीही मोतोर लुब्लिनने शेवटच्या मिनिटांत २-१ अशी हिसकावली. शरदातल्या फाइलीवर विसंबून फेब्रुवारीत कोचपुढे उभे राहू नका. मैत्रीपूर्ण सामने बघा, कॉर्नर आणि फ्री किक पुन्हा पहिल्यापासून कापा.

पैसे घेऊन ट्रायल किंवा नोकरी लावून देणाऱ्या एजंटांपासून लांब राहा, मग तो आपल्याच गावचा का असेना. ऑनलाइन कोर्सवाल्या 'मेंटॉर'पेक्षा मला तिथल्या गोलकीपर कोचने जास्त शिकवलं. सामना संपल्यावर तो माझ्या शेजारी बसून प्रत्येक क्लिपवर 'का?' विचारायचा. असा एक माणूस शोधा.

पोलिश शिकाच, इंग्रजीवर निभावत नाही. पण घाबरू नका, ड्रेसिंग रूममधली पोलिश ठरावीक शब्दांचीच असते आणि ती कानावर पडून लवकर येते. अर्ज जूनच्या सुरुवातीला करा. बढती-घसरणीनंतर क्लबांचा स्टाफ बदलतो, तेव्हाच जागा रिकाम्या होतात, आणि जुलैत पुढचा हंगाम सुरू झाला की पुढची संधी थेट हिवाळ्यात.