ग्लो प्लग बदलताना हत्यारांच्या या चुका टाळा

थंड डिझेल इंजिन सुरू करताना सिलिंडरची आतली हवा तापवणारा प्लग म्हणजे ग्लो प्लग, गॅरेजच्या भाषेत हीटर प्लग. कोकणात त्याच्याकडे सहसा कुणी बघत नाही. थंडी बेताची, त्यामुळे एखादा प्लग गेला तरी कॉमन रेल (सामाईक नळीतून जास्त दाबाने डिझेल पुरवणारं) इंजिन निमूट स्टार्ट होतं. मग डिसेंबरात आंबा घाट चढून कोल्हापूरला मुक्काम पडतो आणि पहाटे लांबलेला सेल्फ आणि पांढरा धूर बघून दुखणं कळतं. तोवर प्लग कित्येक वर्षं जागचा हललेला नसतो. खालून कार्बन धरलेला, वरून खारी हवा, आणि चार महिने पावसाचं पाणी प्लगभोवतीच्या खळग्यात साचलेलं. कोकणातला प्लग धरलेलाच असणार असं समजूनच हत्यारं काढावीत.

अर्धा इंची रॅचेट लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि दर हिवाळ्यात नव्याने होते. एम-८ आट्यांचा (८ मिलिमीटर जाडीचा) प्लग साधारण २० न्यूटन-मीटरला (न्यूटन-मीटर हे पिळण्याच्या जोराचं माप) मोडतो, एम-१० चा ३५ ला, एम-१२ चा ४५ ला. अर्धा इंची रॅचेटचा (अर्धा इंच हे गोटी बसते त्या चौकोनाचं माप) दांडा २५ सेंटिमीटरचा धरा. त्याच्या टोकाला फक्त ८ किलोचा जोर पडला की एम-८ प्लगची हद्द संपली. ८ किलो म्हणजे हाताला काहीच नाही, नुसता दांड्यावर हात टेकवून वाकलं तरी तेवढा जोर येतो. पाव इंची, १५ सेंटिमीटरच्या रॅचेटवर तेच करायला साडेतेरा किलो लागतात, आणि तो जोर मनगटाला जाणवतो.

मासळी वाहणाऱ्या एका पिकअपचं उदाहरण घ्या. चारपैकी तीन प्लग निघाले. चौथा, केबिनच्या बाजूचा, हलेना. दुपारच्या आत गाडी बंदरावर हवी होती, म्हणून अर्धा इंची रॅचेट आली आणि दांड्यावर पाइपही चढला. प्लग पाव फेरा फिरला आणि एकदम मऊ लागला. हा मऊपणा ओळखायला शिकलंच पाहिजे. आटा सुटताना आधी कडक, मग करकर, मग सैल असं लागतं. कडक असतानाच मधेच रबरासारखं मऊ लागलं तर आटा सुटत नसतो, प्लगची मान पिळवटत असते. इथेही तेच झालं. टक् आवाज आला, षटकोनी डोकं गोटीत (सॉकेटमध्ये) राहिलं आणि धड हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या सिलिंडरवरच्या झाकणात. मग ड्रिल लावलं. ड्रिल कडक धडावरून घसरून मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरलं आणि आटेही गेले. शेवटी हेड उतरलं. हेड गॅस्केट, नवे हेड बोल्ट, आटे बसवायची मजुरी, आणि आठवडाभर गाडी उभी. हे सगळं एका प्लगपायी.

त्यामुळे रॅचेट पाव इंची, फार तर तीन सुताची (३/८ इंची), आणि दांड्यावर पाइप कधीच नाही. सोबत ५ ते २५ न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला जोर झाला की टक् करणारा पाना, हवाच. गॅरेजमध्ये असतो तो अर्धा इंची रेंच २८ च्या पुढून सुरू होतो, इथे त्याचा उपयोग नाही. रेंच घेताना तो उलट्या फेऱ्यातही टक् करतो का ते तपासा, बरेच करत नाहीत. सोडवताना एम-८ ला १८ लावायचे, तेवढ्यात सुटला नाही की हात काढायचा. एम-१० ला ही हद्द ३०, म्हणजे त्यासाठी जरा मोठ्या मापाचा रेंच लागेल.

हात काढल्यावर काय? आदल्या दिवशीच प्लगभोवतीची माती हवेने उडवून गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, दिवसात दोन-तीनदा. दुसऱ्या दिवशी गाडी अर्धा तास चढावर फिरवून आणा आणि इंजिन तापलेलं असतानाच काम सुरू करा. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापून प्लगच्या पोलादापेक्षा जास्त पसरतं, पकड सैल होते. हातमोजे घाला. सुटू लागला की सरळ बाहेर ओढायची घाई नको. अष्टमांश फेरा सोडा, थोडा परत आवळा, स्प्रे मारा, पुन्हा सोडा. एका प्लगला अर्धा तास लागला तरी तो वाया गेलेला नाही. ज्याला हा अर्धा तास जड वाटतो त्याने हे काम अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आखूड किंवा बारा कोनी गोटी

प्लगच्या माथ्यावर टर्मिनल, म्हणजे वायर जोडायचं टोक, असतं. आखूड गोटी त्यावर अडते आणि षटकोनाची फक्त वरची कड पकडते. लांब, सहा कोनी, पातळ भिंतीची गोटी घ्या: ८, १० आणि १२ मिलिमीटर. बारा कोनी गोटी गंजलेल्या डोक्याचे कोपरे खाते. फिक्स पाना तर लावूच नका, एका बाजूने जोर पडून प्लग वाकतो. जागा अडचणीची असेल तर एक्स्टेन्शन लावा. युनिव्हर्सल जॉइंट लागलाच तर कोन कमीत कमी ठेवा.

वायरला धरून कॅप ओढणं

टर्मिनलवर वायरची कॅप बसवलेली असते; वाकड्या तोंडाच्या लांब चिमट्याने कॅपलाच धरून सरळ वर काढा. वायरींऐवजी सगळे प्लग जोडणारी धातूची पट्टी असेल तर तिचे नट ७ किंवा ८ मिलिमीटरचे असतात, चुंबकाची कांडी जवळ ठेवा.

रीमर न घेणं

जुना प्लग निघाला की नवा लगेच बसवायची घाई होते. पण भोकात कार्बनचा थर असतो. नवा प्लग त्यात रेटला की टोक वाकतं, आणि पुढच्या वेळी निघणार नाही याची सोय आजच होते. इंजिनच्या मापाचा रीमर, म्हणजे भोक आतून खरवडून साफ करणारं खाचांचं हत्यार, घ्या. खाचांत ग्रीस भरा म्हणजे कार्बन त्यात चिकटतो. हातानेच, घड्याळाच्या दिशेने फिरवा, तीन-चारदा पुसून पुन्हा घाला. मग डिझेलपुरवठा तोडून, सगळे प्लग बाहेर असताना दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. तोंड बाजूला ठेवा, भोकातून कार्बन गोळीसारखा येतो.

१२ व्होल्ट थेट लावून तपासणं

जुन्या प्लगना चालतं. नवे बरेच प्लग ५ व्होल्टच्या आसपासचे असतात, बॅटरी लावताच जळतात. मल्टिमीटर घ्या. धातूचा चांगला प्लग एक-दोन ओहमच्या आत दाखवतो. मीटरच्या वायरींचा रोध आधी वजा करा. सिरॅमिक प्लग हातातून पडला तर तो बसवूच नका.

गोटीने आटे लावणं

नवा प्लग बसवायला सगळ्यात चांगलं हत्यार म्हणजे डिझेलच्या रबरी पाइपचा वीतभर तुकडा. टर्मिनलवर घट्ट बसवा आणि बोटांनी फिरवत प्लग पूर्ण खाली न्या. आटा वाकडा लागला तर पाइप बोटात घसरतो, रॅचेट मात्र तसाच रेटत नेतो. मग टॉर्क रेंच: एम-८ ला १० न्यूटन-मीटर, एम-१० ला १५, एम-१२ ला २२. तुमच्या इंजिनच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. टर्मिनलचा नट एम-४ असेल तर २, एम-५ असेल तर ३. इथे दोन बोटांत धरलेला छोटा पाना पुरतो.

समुद्राकाठी पाव इंची गोट्या पेटीत ठेवल्या-ठेवल्या आतून गंजतात आणि गंजलेली गोटी प्लगवर पूर्ण बसत नाही. काम झालं की तेलाच्या फडक्याने आतून पुसून ठेवा, आणि कोपरे गोल झालेली गोटी भंगारात टाका.