डेटा आणायला गोव्याच्या सत्तरी तालुक्यात निघताय? आधी कोड घाला

पेन, छत्री, ओळखपत्र, विभागाचं पत्र हे मानसशास्त्राच्या एम.ए.च्या, प्रबंधासाठी प्रश्नावल्या भरून घेणाऱ्या पोरांना सांगायला नको. सांगायचं ते एकच: प्रश्नावलीच्या प्रत्येक पानावर कोड नंबर. फक्त वरच्या नव्हे, प्रत्येक. गेल्या खेपेला आमच्या गठ्ठ्यात तो वरच्याच पानावर होता. वाळपईच्या त्या हॉलमध्ये बायकांनी लिहायला सोपं जावं म्हणून स्टेपल उचकटून पानं मांडीवर घेतली, वर पंखा गरगरत होता, आणि संध्याकाळी हातात उरले दोन ढीग: ताण मोजणाऱ्या प्रश्नांचा, म्हणजे ताणाच्या स्केलचा एक, आत्मसन्मानाच्या स्केलचा दुसरा. कुठलं पान कुणाचं? सहसंबंध, म्हणजे ताण आणि आत्मसन्मान यांचं नातं, काढायला एकाच माणसाचे दोन्ही आकडे जोडीने लागतात. सुट्या ढिगांची सरासरी घ्या आणि गप्प बसा.

म्हणून झेरॉक्स आदल्या दिवशी आणा आणि स्टेपल मारायच्या आधी चौघांनी बसून कोड घाला. एकाने आकडा बोलायचा, बाकीच्यांनी लिहायचा. मिरची-भजी जरूर मागवा, पण तेलाचे हात कागदाला नकोत. दुसऱ्या पानावर घातला? पाठपोट असेल तर मागेही? बघा परत. संमतीपत्रावर मात्र कोड घालायचा नाही. तिथे नाव आणि सही असते, कोड आला की कुणाचं उत्तर काय ते उघडं पडलं. त्याची फाईल वेगळी.

सोबत टॉपर नको, गप्पिष्ट माणूस हवा. वर्गातल्या जिचं घर त्याच गावात, तिला ओळख करून द्यायला न्या, पण प्रश्न वाचायला बसवू नका. महिनाभर सगळं हाताबाहेर गेल्यासारखं वाटतंय, हे शेजारच्या पोरीला कोण सांगेल? फॉर्म मराठीत असला तरी आज्यांना कोकणीत विचारावं लागतं. ती वाक्यं आधी ठरवून लिहून न्या. जो तो आपल्या मनाने समजावू लागला की स्केल संपली.

चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आगेमागे जाऊ नका, गणपतीवर टांगायची फळाफुलांची माटोळी सोडून तुमच्या फॉर्मकडे कोण बघणार? दुपारी जेवणानंतर दारं वाजवू नका. पावसात प्लास्टिकची पिशवी, तीही एकात एक दोन. कुणाचे डोळे भरून आले तर थांबा. सल्ले देऊ नका, आपण अजून समुपदेशक झालेलो नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि हातात द्या.

फॉर्म परत घेताना रिकामा प्रश्न राहिलाय का ते बघा, आणि कोड. पान सुटलं असेल तर तिथल्या तिथे, ती बाई समोर असतानाच जुळवा. बसमध्ये बसल्यावर काही जुळत नाही.

एन्ट्री त्याच रात्री. उलट अर्थाचे प्रश्न उलटेच मोजा, मोठा आकडा लहान धरून: कोहेनच्या दहा प्रश्नांच्या ताणाच्या स्केलमध्ये 4, 5, 7, 8, रोझेनबर्गच्या आत्मसन्मानाच्या स्केलमध्ये दहातले पाच. फाईल दोन ठिकाणी ठेवा. गाईडना मेल. सोबत आलेल्यांना चहा-पाव आणि बसचं भाडं तुमच्याकडून. त्यांच्या डेटाची तारीख तिथेच विचारून घ्या, आणि त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून खोलीवर पडून राहू नका.