उत्तरेकडच्या रानातलं घर: फेअरबँक्सला राहायला येताय? या चुका टाळा

अलास्काच्या मधोमध, साधारण 65 अंश उत्तर अक्षांशावर फेअरबँक्स आहे. गावात विद्यापीठ आहे, इस्पितळ आहे, मोठी दुकानं आहेत. पण वीस-पंचवीस मैल बाहेर गेलात की रस्त्याला दिवे नाहीत, बऱ्याच घरांत नळ नाही आणि शेजारचं घर झाडांच्या पलीकडे कुठंतरी. विद्यापीठातल्या कामासाठी आलेली मराठी कुटुंबं कमी भाडं आणि मोकळी जागा बघून अशा घरात राहायला येतात. ती घरं खरंच सुंदर असतात. आम्ही अशाच एका घरात मुलांना वाढवतोय, आणि नव्यानं येणाऱ्यांच्या त्याच त्याच अडचणी सोडवायला जातो, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळ्या चुकांचं मूळ एकच आहे: ज्या ऋतूचं काम त्याच ऋतूत करायला जाणं. इथं थंडीतली बहुतेक संकटं एप्रिल-मेमध्येच तयार होतात आणि डिसेंबरमध्ये फक्त दिसतात. म्हणून आमच्याकडे कामं सणांवर बांधलेली आहेत. पाडव्याच्या सुमारास सरपण, गणपतीच्या आधी धुराडं, दसऱ्याला यंत्रं. खंडेनवमीला आपण हत्यारं पुसून पुजतो ना, त्या दिवशी जनरेटर, करवत, कुऱ्हाड बाहेर काढायची, तेल घालायचं आणि जनरेटर खरोखर चालवून बघायचा. झेंडू तोवर थंडीनं करपलेला असतो, पण पूजा अडत नाही.

सरपण उशिरा फोडणं

ही सर्वात महागात पडणारी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते.

इथं जळण मुख्यतः बर्च आणि स्प्रूस या झाडांचं. बर्चची पांढरी साल दिसायला देखणी, पण ती पाणी अजिबात सोडत नाही. ओंडका न फोडता ठेवला तर आतलं ओल आतच राहतं, लाकूड वाळण्याऐवजी कुजतं, आणि वरून मात्र ओंडका छान कोरडा दिसतो. फोडल्यावर आत तपकिरी, भुसभुशीत गर निघतो. म्हणून जमिनीवर बर्फ असतानाच, मार्च-एप्रिलमध्ये, लाकूड स्लेजवरून ओढून आणायचं आणि लगेच फोडायचं. पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटीवर रचायचं, वर पत्रा, बाजू मोकळ्या. ताडपत्रीनं चारी बाजूंनी गुंडाळू नका, ओल आत कोंडते. पूर्ण उन्हाळा मिळाला तरच ते त्याच थंडीत जाळण्याजोगं होतं.

ओल 20 टक्क्यांच्या खाली हवी. मापायला छोटा मीटर मिळतो, पण तो वापरतानाही लोक चुकतात. ओंडक्याच्या टोकाला पिना टोचल्या तर आकडा खोटा येतो, कारण टोकं आधी वाळतात. ढलपी नव्यानं फोडून आतल्या बाजूला टोचा. आणि गोठलेल्या लाकडावर मीटर चुकीचंच सांगतो. ढलपी आधी रात्रभर घरात ठेवा.

ओलं लाकूड जाळलं की दोन गोष्टी होतात. धुराड्यात क्रिओसोटचा काळा, चिकट थर बसतो आणि एके दिवशी तो पेटतो. दुसरी गोष्ट गावाची. फेअरबँक्स दरीत आहे. कडक थंडीत गार हवा तळाशी साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि धूर तिथंच अडकतो. सूक्ष्म कणांमुळे 2009 सालीच या भागाची हवा केंद्र सरकारच्या मर्यादेबाहेर असल्याचं जाहीर झालं होतं. हवा बिघडली की लाकूड जाळण्यावर बंदीची सूचना येते. तुमचं घर त्या हद्दीत येतं का, हे भाडेकरारावर सही करण्याआधी विचारा.

राख ही शेवटची गोष्ट. दोन दिवसांनीही राखेत निखारा जिवंत असतो. कागदी पिशवीत किंवा लाकडी ओसरीवर ती कधीही ठेवू नका. झाकणाचा पत्र्याचा डबा, तोही घरापासून लांब.

हीटर बंद पडला की घाबरून भलतंच करणं

बहुतेक घरांत तेलावर चालणारा टोयो स्टोव्ह किंवा बॉयलर असतो आणि तेलाची टाकी बाहेर उघड्यावर असते. तेल मागवताना 'नंबर एक'च मागवा. 'नंबर दोन' किंचित स्वस्त आणि जास्त ऊब देणारं, पण कडक थंडीत त्यातलं मेण घट्ट होतं, फिल्टर तुंबतो आणि रात्री दोन वाजता घर गार पडायला लागतं. टाकी शरद ऋतूत भरून घ्या. अर्धी टाकी ठेवली तर रिकाम्या भागात दव धरतं, पाणी तळाशी जातं आणि नळीत बर्फाचा बूच बसतो.

बंद पडलाच तर क्रमानं बघा. वीज आहे का, ब्रेकर पडलाय का. टाकीच्या काट्यावर तेल आहे का. मग बाहेर जाऊन हीटरचा धूर बाहेर टाकणाऱ्या भिंतीतल्या नळीचं तोंड बघा. तिथं बर्फ किंवा दाट हिमकण साचले असतील तर यंत्र सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतं, तोंड मोकळं केलं की बऱ्याचदा पुन्हा सुरू होतं. त्यानंतर फिल्टर. एवढं करून जमलं नाही तर दुरुस्तीवाल्याला फोन. तो येईपर्यंत लाकडाची शेगडी पेटवा, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी ठेवा, नळाची बारीक धार सोडा.

टोयो आणि बॉयलर दोघांनाही वीज लागते, हे अनेकांना वीज गेल्यावर कळतं. म्हणून विजेशिवाय चालणारी एक शेगडी घरात हवीच. घर ऊबदार ठेवायला बार्बेक्यू, सहलीचा गॅस किंवा स्वयंपाकाची शेगडी मात्र चालवू नका. ही घरं हवा आत येऊ नये म्हणून घट्ट बंद केलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो उठूच देत नाही. प्रत्येक झोपायच्या खोलीजवळ बॅटरीवर चालणारा अलार्म लावा. जनरेटरही गॅरेजमध्ये नाही, बाहेर, खिडकीपासून लांब.

पाइप गोठला तर हेअर ड्रायर किंवा हीट टेप, म्हणजे विजेवर तापणारी पट्टी. गॅसची ज्योत नाही. त्यापायी घरं जळाली आहेत.

गाडीला वायर आहे म्हणून निर्धास्त राहणं

इथल्या गाड्यांच्या पुढून प्लगची वायर लोंबते. इंजिन, तेलाचं पात्र आणि बॅटरी गरम ठेवणारे हीटर त्यावर चालतात. उणे 7 सेल्सिअसच्या (20 फॅरनहाइट) खाली उतरलं की प्लग लावायचा. रात्रभर लावून विजेचं बिल वाढवू नका, टायमरवर निघण्याआधी दोन-तीन तास पुरतात. कडक थंडीत आणखी थोडं लवकर. साधी घरगुती एक्स्टेन्शन वायर उणे 40 ला वाकवली की वरचं प्लास्टिक तडकतं. थंडीत मऊ राहणारी वेगळी वायर मिळते, तीच घ्या.

उणे 40 हा आकडा सेल्सिअस आणि फॅरनहाइट दोन्हींत एकच, आणि त्या थंडीत पेट्रोलही धोक्याचं होतं. ते गोठत नाही, पण हवेइतकंच थंड असतं. पंपावर भरताना हातमोज्यावर सांडलं तर कापडातून आत जाऊन उडून जाताना त्वचेची उरली ऊबही घेऊन जातं. बोटं पांढरी पडायला थोडा वेळही पुरतो. हातमोजा तत्काळ काढून टाका, बोटं काखेत धरा, चोळू नका.

गावाबाहेर काही मैलांवर मोबाइलची रेंज जाते. टाकी अर्ध्याखाली उतरू देऊ नका. गाडीत प्रत्येकासाठी जाड बूट, स्लीपिंग बॅग, फावडं आणि काहीतरी खायला ठेवा. दहा मिनिटांचंच काम आहे म्हणून मुलांना नुसत्या स्वेटरवर गाडीत बसवणारे आईवडील बघितले की मला खरंच राग येतो.

पाण्याचा अंदाज चुकणं

नळ नसलेल्या घरांना इथं ड्राय केबिन म्हणतात. पाणी बाहेरून आणायचं. गावाच्या उत्तरेला फॉक्स इथं झऱ्याचं पाणी वर्षभर वाहतं आणि लोक कॅन घेऊन तिथं रांगेत असतात. पाच गॅलनचा कॅन म्हणजे जवळजवळ 19 किलो. भरलेले कॅन गाडीत रात्रभर विसरलात तर सकाळी बर्फाचे ठोकळे आणि फुटलेली झाकणं.

आपल्या स्वयंपाकाला पाणी जास्त लागतं. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला वापरा. सिंकखाली सांडपाण्याची बादली असते, ती दोन-तृतीयांश भरली की ओता. काठोकाठ भरेपर्यंत थांबणाऱ्यांच्या स्वयंपाकघरात ती हमखास सांडते. बाहेरच्या संडासावर निळ्या फोमची बैठक लावा. फोम अंगाची ऊब ओढून घेत नाही. उणे 40 मध्येही त्यावर निवांत बसता येतं, लाकडावर किंवा प्लास्टिकवर नाही.

विहीर असलेलं घर घेत असाल तर पाण्यातलं आर्सेनिक तपासून घ्या. इथल्या टेकड्यांच्या खडकातच ते आहे, आणि पाणी दिसायला स्वच्छ असतं. जमिनीखाली कायम गोठलेला थर आहे का, हेही विचारा. वाकडी, खुरटी काळी स्प्रूसची झाडं, घराची न लागणारी दारं, तिरकी जमीन ही त्याची चिन्हं. अंगण साफ करायच्या हौसेनं शेवाळाचा थर खरवडू नका. तोच खालचा बर्फ वितळू देत नाही.

अंधार आणि मुलं

21 डिसेंबरला इथं पावणेचार तासांपेक्षाही कमी वेळ सूर्य वर असतो. मुलं अंधारात शाळेच्या बसला जातात, अंधारात येतात. कोटावर आणि दप्तरावर चमकती पट्टी शिवा, डोक्याला दिवा द्या. शाळा थंडीमुळे सहसा बंद राहत नाही, आणि उणे 29 सेल्सिअसपर्यंत मधल्या सुट्टीत मुलं बाहेरच खेळतात. सुती मोजे नकोत, लोकरीचे घ्या. दोन-दोन मोजे घालून बूट घट्ट करू नका. बोटं हलली पाहिजेत, नाहीतर पाय गारच राहणार.

थंडीत सकाळी उन्हासारखा प्रखर उजेड देणारा दिवा लावून नाश्ता करायची सवय सगळ्यांना लावा. ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांशी ऑक्टोबरमध्येच बोला, जानेवारीत मरगळ आल्यावर नाही.

संकष्टी करणाऱ्यांनी पुण्याच्या कॅलेंडरमधली चंद्रोदयाची वेळ इथं धरू नये. इतक्या उत्तरेला काही वर्षं अशी येतात की महिन्यातले काही दिवस चंद्र उगवतच नाही आणि काही दिवस मावळतच नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधल्या संकष्टीला तो दिवसभर आकाशात असू शकतो, वसंतातल्या एखाद्या संकष्टीला दिसतच नाही. आमच्या घरी अशा वेळी देवापुढे आरती करून उपास सोडतात. लहान मुलांना उपाशी ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

बर्फ वितळताना आणि नंतर

एप्रिलच्या शेवटी नद्यांवरचा बर्फ फुटायला लागतो. नेनाना गावी टानाना नदीवर लाकडी तिकाटणं उभारून बर्फ कधी फुटेल यावर पैज लावायची प्रथा 1917 पासून आहे. 1964 मध्ये 20 मे उजाडला होता, 2019 मध्ये 14 एप्रिललाच बर्फ गेला. एवढा फरक पडतो, म्हणून 'मागच्या वर्षी या तारखेला चालत गेलो होतो' हे कारण धरून नदीवर पाय ठेवू नका. घराला टेकलेले बर्फाचे ढीग मार्चमध्येच लांब ढकला, म्हणजे पाणी पायाशी मुरणार नाही.

मेच्या मध्यापासून मूसच्या (अवाढव्य सांबरासारखा प्राणी) माद्यांना पिल्लं होतात. अंगणात मादी दिसली की मुलांना आत घ्या, फोटोला जाऊ नका. कान मागे पडले, मानेवरचे केस उभे राहिले की ती अंगावर येणार. मूसपासून पळून जाडजूड झाडाआड किंवा घरात जायचं. अस्वलासमोर मात्र पळायचं नाही. एप्रिलपासूनच पक्ष्यांचं खाद्य आणि कचरा आत घ्या, अस्वलं वासावर येतात.

जूनमध्ये सूर्य जेमतेम दोन-सव्वादोन तास मावळतो आणि रात्र काळोखी होतच नाही. मुलांच्या खोलीला जाड काळे पडदे लावा आणि झोपायची वेळ घड्याळावर ठेवा, उजेडावर नाही. नाहीतर अकरा वाजले तरी पोरं अंगणात. 2004 सारख्या वणव्यांच्या उन्हाळ्यात धूर आठवडेच्या आठवडे राहतो. घराभोवती तीस फूट वाळलेलं गवत, फांद्या आणि सरपणाची रास ठेवू नका, आणि एप्रिल ते ऑगस्ट पालापाचोळा जाळायचा तर परवाना लागतो.

बागेत मात्र घाई नको. 1 जूनच्या सुमारापर्यंत रात्री थंडी मारते, टोमॅटो-मिरची तोवर आतच. कोबी इथं परातीएवढा होतो. पालक आणि कोथिंबीर मात्र लांब दिवसांमुळे पंधरवड्यात फुलावर येतात आणि लोक खताला दोष देतात. कोथिंबीर दर दहा-बारा दिवसांनी थोडी थोडी पेरा, उशिरा फुलणारं बी घ्या, आणि पालकाऐवजी चार्ड ही पालकासारखी पालेभाजी लावा. मेथी बोटभर झाली की मुळासकट उपटून खा.