स्पॅनिश भाषकांना इंग्रजी शिकवताय? जोडशब्दांच्या या चुका टाळा

स्पेनमधल्या अनेक विद्यापीठांत पदवी हातात पडायची तर परदेशी भाषेचं बी१ किंवा बी२ (युरोपीय मोजपट्टीवरच्या मधल्या दोन पायऱ्या) पातळीचं प्रमाणपत्र लागतं, आणि बहुतेक जण त्यासाठी इंग्रजीच निवडतात. ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्याकडे असे विद्यार्थी येतात, मेक्सिको आणि कोलंबियातले नोकरदारही येतात. त्यांचा शब्दसंग्रह चांगला असतो, कारण लॅटिनमधून आलेले हजारो शब्द दोन्ही भाषांत जवळपास सारखे आहेत. गाडी अडते ती वाक्याला वाक्य जोडताना.

अशा वेळी शिक्षक हमखास एक तक्ता देतात: डावीकडे इंग्रजी जोडशब्द, उजवीकडे स्पॅनिश अर्थ. माझ्या मते पहिली चूक हीच. स्पॅनिशमधला एक शब्द जे काम करतो त्यासाठी इंग्रजीत दोन-तीन वेगळे शब्द लागतात, आणि नेमकं हेच तक्त्यात दिसत नाही.

‘आउन्के’चंच बघा. ‘आउन्के युएवे’ म्हणजे पाऊस पडत असला तरी. पाऊस खरोखर पडतोय. ‘आउन्के युएवा’ म्हणजे पाऊस पडला तरी. पडेल की नाही ते अजून ठरायचंय. जोडशब्द तोच राहिला, बदलला तो क्रियापदाचा शेवटचा स्वर. इंग्रजीत याच्या उलट होतं. तिथे क्रियापद जवळपास तसंच राहतं आणि जोडशब्द बदलावा लागतो: पहिल्यासाठी ‘ऑल्दो’, दुसऱ्यासाठी ‘ईव्हन इफ’. तक्त्यात ‘ऑल्दो’समोर ‘आउन्के’ लिहिलेलं असल्यामुळे विद्यार्थी बिनधास्त म्हणतो, ‘ऑल्दो इट रेन्स टुमॉरो, आय विल गो.’ त्याला नियम सांगत बसू नका. ‘स्पॅनिशमध्ये तू इथे युएवे म्हणशील की युएवा?’ एवढंच विचारा. उत्तर त्याच्या तोंडी तयार असतं. युएवा आलं की ईव्हन इफ.

इथे आपण मराठी शिक्षकांनी स्वतःवरही लक्ष ठेवायला हवं. ‘जरी... तरी’ची सवय असल्यामुळे आपल्याकडे ‘ऑल्दो’नंतर पुढच्या भागात ‘बट’ सहज येतो. स्पॅनिशमध्ये ‘आउन्के’ला असा जोडीदार लागत नाही, त्यामुळे ही चूक विद्यार्थी घरून आणत नाही. ती त्याला आपल्याकडून लागते.

काळाच्या बाबतीत तर आपला कानच दगा देतो. ‘देस्दे आसे दोस आन्योस’ म्हणजे दोन वर्षांपासून. त्याचं विद्यार्थी ‘सिन्स टू इयर्स’ करतो, आणि आपल्यालाही ‘पासून’ म्हटल्यावर ‘सिन्स’च आठवतं, म्हणून चूक खटकत नाही. ‘दुरांते दोस आन्योस’ म्हणजे दोन वर्षं, त्याचं तो ‘ड्युरिंग टू इयर्स’ करतो. दोन्ही ठिकाणी हवा ‘फॉर’. ‘सिन्स’च्या पुढे सुरुवातीचा क्षण यायला हवा: २०१९, सोमवार, लग्न झालं तेव्हा. दोन वर्षं ही लांबी आहे, सुरुवात नव्हे.

‘आस्ता’ हा शब्द सगळ्यात जास्त गोंधळ घालतो. ‘पर्यंत’सारखाच तो वेळेलाही चालतो आणि जागेलाही, म्हणून ‘आय वॉक्ड अंटिल द स्टेशन’ ऐकू येतं. ‘अंटिल’ वेळेपुरताच, जागेसाठी ‘अ‍ॅज फार अ‍ॅज’. इथवर ठीक. पण मेक्सिकोचा माणूस ‘अब्रे आस्ता लास दिएस’ म्हणतो तेव्हा दुकान दहापर्यंत उघडं असतं असं त्याला बहुतेकदा म्हणायचं नसतं. दहा वाजेपर्यंत ते उघडतच नाही, असं त्याला सांगायचं असतं. स्पेनच्या माणसाला हेच वाक्य उलट कळतं. मेक्सिकोचा सहकारी इंग्रजीत ‘द ऑफिस ओपन्स अंटिल टेन’ म्हणाला तर लगेच खात्री करून घ्या, आणि त्याच्याकडून ‘डझन्ट ओपन अंटिल टेन’ असं नकारासकट वाक्य घोटून घ्या.

क्रियाविशेषणांमध्ये जुळ्या दिसणाऱ्या शब्दांपासून सावध राहा. ‘आक्तुआल्मेंते’ म्हणजे सध्या, पण विद्यार्थी लिहितो ‘अ‍ॅक्च्युअली आय वर्क इन अ बँक’. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं की हा आपली काहीतरी चूक दुरुस्त करतोय. इथे ‘करंटली’ हवं. ‘एवेंतुआल्मेंते’चं प्रकरण जास्त गंभीर आहे. त्याचा अर्थ प्रसंगी किंवा कदाचित असा होतो. ‘वुई विल इव्हेंच्युअली पे’ असं ईमेलमध्ये गेलं की समोरचा त्यातून उशिरा का होईना, पैसे नक्की मिळणार असा अर्थ काढतो. लिहिणाऱ्याने तसा शब्द दिलेलाच नसतो.

‘स्लो अँड केअरफुली’ वाचून विद्यार्थ्याने घाई केली असं समजू नका. स्पॅनिशमध्ये अशी दोन क्रियाविशेषणं जोडली की ‘मेंते’ हा प्रत्यय फक्त शेवटच्याला लागतो: ‘लेंता ई कुइदादोसामेंते’. विद्यार्थी आपल्या भाषेचा नियम काटेकोरपणे पाळत असतो. इंग्रजीत ‘ली’ दोघांनाही लावायचा, हे एकदा समोर मांडून दाखवलं की पुरतं.

शब्दक्रमाची चूक मात्र लवकर जात नाही. ‘आय लाइक व्हेरी मच कॉफी’, ‘आय स्पीक व्हेरी वेल इंग्लिश’. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये स्पॅनिशमध्ये क्रियाविशेषण खुशाल बसतं, इंग्रजीत सहसा नाही. नियम पाठ करून घेण्यापेक्षा ‘लाइक कॉफी’, ‘स्पीक इंग्लिश’ हे तुकडे एका दमात म्हणायला लावा. ‘व्हेरी मच’ आपोआप मागे सरकतं.

किरकोळ पण सतत येणाऱ्या गोष्टी: ‘डिस्पाइट’ला ‘ऑफ’ लागत नाही, तो ‘इन स्पाइट’ला लागतो. ‘आल फिनाल’ म्हणजे शेवटी काय झालं ते सांगायचं असेल तर ‘इन द एन्ड’. ‘अ‍ॅट द एन्ड’च्या पुढे कशाचा शेवट तेही यायला हवं. ‘देस्पुएस’ म्हणजे नंतर, त्याचं नुसतं ‘आफ्टर’ करून वाक्य सुरू करू देऊ नका, तिथे ‘आफ्टरवर्ड्स’ किंवा साधं ‘देन’ बसतं.

परीक्षेची तयारी करून घेत असाल तर आणखी एक. केंब्रिजच्या बी२ फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेत निबंध १४० ते १९० शब्दांचा असतो. एवढ्याशा जागेत ‘मोअरओव्हर’, ‘फर्दरमोअर’, ‘नेव्हर्दलेस’ अशी फौज उतरवली की लेखन प्रौढ दिसतं, असं विद्यार्थ्यांना शिकवलं जातं, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. मसुदा हाती आला की त्यातले सगळे जोडशब्द पेन्सिलीने खोडा आणि दोन वाक्यांमध्ये नेमकं नातं काय आहे ते विद्यार्थ्याला स्पॅनिशमध्ये तोंडी सांगायला लावा. नातं सांगता आलं तरच जोडशब्द परत लिहायचा, आणि ‘बट’ने काम भागत असेल तिथे ‘बट’च राहू द्यायचा.