थकलेल्या कर्जानंतर पुन्हा कॉलेजला जाताना करायची तयारी

मागच्या वर्षी एमबीएच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) राउंडमध्ये कॉलेज मिळूनही माझी जागा गेली. एका कागदापायी. तो कागद खाली पुन्हा पुन्हा येईल, कंटाळू नका.

मार्कशीट, आधार, पॅन, डोमिसाइल तुम्ही काढालच. नॉन-क्रिमीलेअर लागत असेल तर ३१ मार्चच्या मुदतीकडे लक्ष ठेवा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र करून ठेवा, नोटरी कोर्टाबाहेर बसलेलेच असतात.

मग जुनी बँक, जिचं शैक्षणिक कर्ज थकलं ती. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि शाखेतले लोक रिकव्हरी विभागाकडे बोट दाखवतात. मी भांडुपहून फोर्टला तीन खेपा घातल्या. तुम्ही पहिल्याच खेपेला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकरकमी तडजोड बँकेत होते, लोकअदालतीतही होते, पण ती घेण्याआधी विचार करा. क्रेडिट रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदीत, सवलत घेऊन मिटवलेल्या खात्यापुढे 'सेटल्ड' लागतं, पूर्ण फेडलेल्यापुढे 'क्लोज्ड'. नवं कर्ज लागणार असेल तर 'सेटल्ड' पाहून पुढची बँक अडते. मी दोन वर्षं पगारातून भरलं, शेवटच्या रकमेला आईने पाटल्या मोडल्या. पैसे भरल्यावर नो ड्यूज सर्टिफिकेट सही-शिक्क्यासह हातात पडेपर्यंत उठू नका. 'झालं तुमचं, मॅडम' हे तोंडी ऐकून घरी येऊ नका. आणि थकबाकी बाकी असताना फीची रक्कम त्याच बँकेतल्या खात्यात ठेवू नका, बँक ती वळती करून घेऊ शकते.

आता तो कागद. सहकर्जदाराचा क्रेडिट रिपोर्ट. शैक्षणिक कर्जाला आई किंवा वडील सहकर्जदार असतात, आणि आपण थकवलेला प्रत्येक हप्ता त्यांच्याही नावावर चढतो. माझ्या रिपोर्टमध्ये खातं बंद दिसलं आणि मी निर्धास्त झाले. नव्या बँकेतल्या बाईंनी स्क्रीन आमच्याकडे वळवला तेव्हा बाबांच्या नावापुढे तेच खातं थकबाकीसकट उघडं होतं. बेस्टमध्ये आयुष्य काढलेला माणूस, कधी कुणाचे दहा रुपये ठेवले नाहीत. ते काही बोलले नाहीत, चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. दुरुस्तीला ३० दिवस लागणार होते आणि कॉलेजात हजर व्हायला मोजकेच दिवस उरले होते.

म्हणून स्वतःचा रिपोर्ट काढलात की त्याच दिवशी वडिलांचा काढा. आईची सही असेल तर आईचा. काका जामीन असतील तर काकांचा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. चारही काढा, एकीकडे नीट दिसलेलं दुसरीकडे चुकलेलं असू शकतं. पॅन आणि नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते आधी बघा. चूक दिसली की ऑनलाइन तक्रार आणि सोबत नो ड्यूजची प्रत. ३० दिवसांत निकाल नाही लागला तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे, पण त्याने गेलेली जागा परत मिळत नाही. हे सगळं सीईटीचा फॉर्म भरतानाच उरका. निकालाची वाट बघत बसलात तर माझ्यासारखं होईल.

जुन्या कॉलेजातून एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आणा, फी बाकी असेल तर तिथेही वेळ जातो. वसुलीवाल्यांचे फोन येत असतील तर सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर त्यांना फोन करता येत नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा.

नवं कर्ज विद्यालक्ष्मी पोर्टलवरून. फीचं पत्र कॉलेजच्या लेटरहेडवर. लोकलच्या पासाचा फॉर्म कॉलेज देतं, तो नंतर. फाइलमध्ये सगळ्यात वर वडिलांच्या रिपोर्टची ताजी प्रिंट ठेवा.