मराठवाड्यातून पुणे विद्यापीठात: हवामान-पर्यावरणाच्या वाटेला लागलेल्यांसाठी

पर्यावरणशास्त्र, भूगोल, भूशास्त्र, वातावरण व अवकाश विज्ञान यांपैकी कुठल्याही विभागात प्रवेश घेऊन जे कोणी यंदा गणेशखिंडीत उतरलेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी लातूर जिल्ह्यातल्या औशाची. शिकायला पुण्यात आले आणि पाणलोटाच्या कामात इथेच रुजले. प्रवेशाचे दिवस आले की गावाकडचे फोन सुरू होतात, "ताई, राहायचं कुठं, मेस कुठली, आणि ते क्लायमेटचे कार्यक्रम असतात त्यांना कसं जायचं?"

राहण्या-खाण्याचं आधी उरकते. वसतिगृहाच्या यादीत नाव लागेपर्यंत कॉट बेसिसवर जागा बघा, डिपॉझिटची पावती घ्या आणि मेसचे पैसे एकदम सहा महिन्यांचे भरू नका. घरून पैसे बेताचे येणार असतील तर 'कमवा व शिका'चा अर्ज सुरुवातीलाच टाका. त्यात कमीपणा काही नाही. बागेचं काम वाट्याला आलं तर उलट नशीब समजा. आवार चारशे एकरांच्या वर आहे, झाडं जुनी आहेत, आणि पानं-फळं हाताळून झाड ओळखायला शिकलेला विद्यार्थी पुढं फील्डवर कधी अडत नाही.

आता कार्यक्रमांकडे येते. इथं त्यांचा दुष्काळ नाही. ५ जूनला पर्यावरण दिन, मग वृक्षारोपण, मग एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, नोंदणी, चहा, दीपप्रज्वलन, आणि शेवटी प्रमाणपत्र. सुरुवातीला सगळीकडं जावंसं वाटतं, जा. पण फाईल जाड करायच्या नादाला लागू नका. आमच्याकडं मुलाखतीला येणारी मुलं ती फाईल पुढं सरकवतात आणि मी ती बाजूला ठेवून विचारते, की तुझ्या गावात कुठल्या वर्षी विहिरी आटल्या आणि का? तिथं बरेच जण गप्प होतात. आपल्याकडच्या मुलांनी तरी होऊ नये.

चुकवू नयेत अशा तारखा थोड्या आहेत. २८ फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमाराला एरवी गेटवरच अडवणाऱ्या संस्था लोकांना आत घेतात. आयुका ही खगोलशास्त्राची संस्था तर आपल्याच आवारात आहे. पाषाणला आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था. १९६२ साली सुरू झालेली. तिथल्या हवामान बदल संशोधन केंद्रानं केलेला भारतावरच्या हवामान बदलाचा अहवाल २०२० साली आला. तो फुकट उतरवून घेता येतो. पावसाचं प्रकरण पहिल्याच सेमिस्टरमध्ये वाचून काढा, जड गेलं तरी. दुसरी तारीख २३ मार्च, जागतिक हवामान दिन. शिवाजीनगरच्या सिमला ऑफिसात, म्हणजे हवामान खात्याच्या पुण्यातल्या कचेरीत, तेव्हा उपकरणं, नकाशे दाखवतात. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथं आलं, पुढं दिल्लीला गेलं, पण मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज आजही पुण्यातल्याच कचेरीत तयार होतो. ज्या अंदाजावर आपले बाप पेरणीचा विचार करतात, तो मांडणाऱ्या माणसाला समोरासमोर प्रश्न विचारता येतो, ही गोष्ट मला अजूनही मोठी वाटते.

व्याख्यानं बहुतेक इंग्रजीत होतात. समजलं नाही तर उठून मराठीत विचारा. वक्ता मल्याळी असो की बंगाली, शेजारचं कुणीतरी सांगून देतं. खालच्या मानेनं मागच्या रांगेत बसायची सवय आपल्या भागातल्या मुलांना फार. ती मोडायला आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेतली खुली व्याख्यानं बरी, तिथं प्रश्नांना वेळ भरपूर देतात.

एक गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगते, कारण इथं आल्यावर पुण्याची मुलं तुम्हाला हमखास म्हणतील, "तुमच्याकडे पाऊसच नाही ना!" त्यांना आकडे दाखवा. शिवाजीनगरचा वार्षिक सरासरी पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास, लातूरचा आठशेच्या आसपास. म्हणजे कागदावर लातूर कोरडं नाही. तरीही एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते लातूरला, आणि पुण्याच्या नळाला तसली वेळ आली नाही. कारण पुणं पितं ते शहरावर पडलेलं पाणी नव्हे. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं घाटमाथ्याच्या कुशीत आहेत, जिथं पाऊस शहराच्या कित्येक पट पडतो. चौघांची मिळून साठवण सुमारे २९ टीएमसी, म्हणजे २९ अब्ज घनफूट. लातूरला पाणी देणारी आपली मांजरा नदी सपाटीवरची, तिच्यामागं घाट नाही, आणि वर उसाची तहान. सरासरी पाऊस, त्याची वर्षावर्षातली उडी, साठवण आणि वापर या चार गोष्टी वेगवेगळ्या मांडता आल्या की निम्मा विषय हातात आला म्हणा. आणि हो, पुण्यानं वापरून सोडलेलं पाणी मुळा-मुठेतून भीमेला मिळतं आणि उजनीत जातं. सोलापूरकर त्याच उजनीचं पाणी पितात. सोलापूरचा मित्र वर्गात असेल तर त्याला विचारा, तो जरा तिखट शब्दांत सांगेल.

यातूनच प्रोजेक्टही निघतो. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर १९०१ पासूनचे दैनिक पावसाचे आकडे पाव अंश अक्षांश-रेखांशाच्या जाळीवर फुकट मिळतात. कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय पाऊस दिसतो. पायथन ही संगणकाची भाषा थोडी शिकून आपल्या तालुक्याचे आकडे काढा, सुट्टीत गावी जाऊन दहा शेतकऱ्यांना पेरणीच्या आणि दुबार पेरणीच्या तारखा विचारा, दोन्ही एकाशेजारी ठेवा. गाईडला विषय सुचवायला जाल तेव्हा "सर, काहीतरी क्लायमेट चेंजवर" असं म्हणू नका, हा तक्ता पुढं ठेवा. 'आविष्कार' संशोधन स्पर्धेला उतरायचं असेल तरी असलंच काम पुढं जातं. ती महाविद्यालय-विभागातून विद्यापीठ आणि मग राज्य पातळीवर जाते. परीक्षक तिथं पोस्टरच्या रंगावर भुलत नाहीत, निदान सगळे तरी नाही.

वर्गाबाहेर पुणं बघायचं तर पाण्याच्या वाटेनं चाला. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं ते सगळ्यांना माहीत असतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर मात्र नवीन मुलांना ठाऊक नसतो. काही तासांच्या पावसात पुणे परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. कात्रजपासून तो ओढा उतरत येताना कुठं रुंद आहे, कुठं भिंतींत आवळलाय, हे पायी बघितलं की शहरी पुरावरचं चर्चासत्र वेगळं ऐकू येतं. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तो भागही बघा. 'जीवितनदी'ची मंडळी मुठेच्या काठावर नेमानं काम करतात, त्यांच्यात जा. वेताळ टेकडीवर सकाळी चढा. तिथल्या प्रस्तावित रस्त्यावरून २०२३ मध्ये हजारो पुणेकर मोर्चात उतरले होते. त्यात भूजलाचा मुद्दा होता, नुसत्या झाडांचा नव्हता. भूजलात रस वाटला तर 'ॲक्वाडॅम' ही संस्था इथलीच, त्यांची प्रशिक्षणं नावाजलेली आहेत.

कचरा हा विषय मुलं टाळतात, वास येतो म्हणून. पण जगभरातले अभ्यासक पुण्यात येतात ते त्याच्यासाठी. १९९३ ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून उभी राहिली, आणि तिच्यातून २००८ पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. विद्यापीठानं समाजात काय करावं याचं याहून ठोस उदाहरण मला पुण्यात दिसत नाही. तुमच्या खोलीवर सकाळी येणाऱ्या ताईंना ओला-सुका वेगळा द्या, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून लाल ठिपका काढून द्या, आणि ओळख झाली की त्यांच्याबरोबर एक फेरी मारायला मिळेल का विचारा.

राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घाला. आषाढीला पालख्या निघतात तेव्हा विद्यापीठाचे स्वयंसेवक वारीबरोबर स्वच्छतेचं काम करतात. पत्रावळी उचलणं, लोकांना शौचालयाकडं वळवणं, कामं साधीच. लाखो माणसं चालत्या वाटेवर खातात-पितात-झोपतात तेव्हा नियोजन म्हणजे काय, ते तिथं कळतं. जमलं तर पंढरपूरपर्यंत जा, घरचेही खूश होतील.

शेवटी अर्जांचं. पीएचडीकडं जायचं ठरवलं तर आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले गावाहून येताना दोन-दोन प्रती घेऊनच या, तहसीलच्या खेपा वाचतील. 'गेट' या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेत २०२१ पासून पर्यावरण विज्ञान व अभियांत्रिकीचा स्वतंत्र पेपर आहे. आणि भारतातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करता येतं. तिचे अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी भरून घेतात आणि त्याला शिक्षकाचं शिफारसपत्र लागतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीला गावी पळण्याआधीच तुम्हाला नावानं ओळखणाऱ्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना गाठून त्या पत्राचं बोलून ठेवा.