साखर न घालता सफरचंदाचा सॉस: सगळी मेहनत आटवण्यात

बिनसाखरेच्या सॉसच्या बऱ्याच कृतींमध्ये साखर वगळतात आणि तिच्या जागी वाटीभर मध ओततात. मग साखरेनंच काय घोडं मारलं होतं? गोडवा फळात असतोच, जास्तीचं पाणी उडवलं की तो जाणवतो.

1 किलो पिकलेली सफरचंदं घ्या, बहुतेक गोड जातीची, एखाद-दोन आंबट. बिया काढा, साल राहू द्या. दाटपणा देणारं पेक्टिन सालीत भरपूर असतं. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात फोडी, अर्धा कप पाणी, चिमूटभर मीठ आणि थोडा लिंबाचा रस घालून झाकण ठेवा. मंद आचेवर 15-20 मिनिटांत फोडी मऊ होतात. चाळणीतून गाळा.

आता खरं काम. साखर घातली की ती पाणी धरून ठेवते, सॉसला अंग येतं. इथे ती नाही, म्हणून गाळलेला गर दिसायला दाट असला तरी ताटलीत घेतल्यावर कडेनं पाणी सोडतो. अशा वेळी ‘चमचाभर कॉर्नफ्लोअर लावा’ हा सल्ला हमखास मिळतो. अजिबात ऐकू नका. फळाची चव बोथट होते, आणि फ्रीजरमधून काढल्यावर तोच सॉस पुन्हा पाणी सोडतो.

गर रुंद पातेल्यात घ्या, झाकण काढा, आच मंद ठेवा आणि बुडापासून ढवळत राहा. या टप्प्यावर मला सगळ्यात जास्त झगडावं लागलं, कारण घाईनं आच वाढवायचा मोह आवरत नाही. बुडाला जरा जरी लागलं तरी करपट वास सगळ्या सॉसला लागतो. लागलंच, तर खरवडू नका; वरचा भाग अलगद दुसऱ्या भांड्यात काढा. दाट गर फुटाणे फुटावेत तसा उडतो आणि चांगलाच भाजतो, तेव्हा लांब दांड्याचा चमचा वापरा.

झालं हे कसं ओळखायचं? थंड ताटलीत चमचाभर टाका. मिनिटभरात कडेला पाण्याचं वर्तुळ दिसलं नाही की गॅस बंद. घड्याळावर जाऊ नका, प्रत्येक फळात पाणी वेगळं.

गोडी मात्र गार झाल्यावरच तपासा. गरम सॉस जास्त गोड लागतो. कमी वाटलीच, तर दोन-तीन भिजवलेले खजूर वाटून मिसळा आणि एक उकळी काढा. दालचिनी आवडीप्रमाणे.

स्ट्रॉबेरीचा करायचा असेल तर सोबत एक सफरचंद सालीसकट किसून घाला. तिच्यात पेक्टिन कमी, नुसती आटवत बसलात तर रंग काळपटतो.

साखर नाही म्हणजे टिकवणारंही काही नाही. स्वच्छ कोरड्या बरणीत, फ्रीजमध्ये, आठवड्याभरात संपवा. जास्त केलात तर छोट्या डब्यांत फ्रीजरला लावा, आणि डबा काठोकाठ भरू नका, गोठताना सॉस फुगतो.